लहान धंद्याची नफाक्षमता कशी काढावी आणि कशी वाचावी

रात्री शटर ओढताना गल्ल्यात किती उरले, यावरून धंद्याची तब्येत ठरवण्याची रीत मुंबईतल्या बहुतेक लहान दुकानांत आहे. गल्ल्यातील रक्कम मात्र नफा नसते, आणि नफा म्हणजेही नफाक्षमता नव्हे. विक्रीतून सर्व खर्च वजा जाता उरते ती रक्कम नफा. ती रक्कम विक्रीच्या, गुंतवलेल्या भांडवलाच्या किंवा खर्ची पडलेल्या वेळाच्या तुलनेत किती आहे, हे सांगणारे प्रमाण म्हणजे नफाक्षमता. म्हणून ‘आमची नफाक्षमता पाच लाखांची आहे’ हे वाक्य अर्थहीन ठरते. टक्के सांगावेत आणि ते कशाचे टक्के आहेत, हेही सांगावे.

दादरच्या एखाद्या आतल्या गल्लीतील पोळी-भाजी केंद्र कल्पून हिशेब मांडू. गाळा मालकाचा स्वतःचा आहे आणि महिन्याची विक्री ३,००,००० रुपये आहे. कणीक, भाजी, तेल, गॅस आणि पॅकिंग यांवर १,६५,००० रुपये जातात. उरलेले १,३५,००० रुपये हा ढोबळ नफा, म्हणजे विक्रीच्या ४५ टक्के. त्यातून पोळ्या लाटणाऱ्या दोन बायकांचे ४८,०००, मदतनिसाचे १४,०००, वीज-पाणी-सफाईचे ९,०००, घरपोच ऑर्डर आणणाऱ्या ॲपच्या कमिशनचे ८,००० आणि दुरुस्तीचे ४,००० असे ८३,००० रुपये वरकड खर्चाचे वजा केले की ५२,००० रुपये उरतात. हे प्रमाण १७ टक्क्यांच्या थोडे वर आहे, आणि इथपर्यंतच हिशेब करणारा मालक समाधानी असतो.

परंतु दोन खर्च या वहीत आलेलेच नाहीत. हाच गाळा दुसऱ्याला दिला असता तर महिना ३०,००० रुपये भाडे आले असते असे धरा. आणि पहाटेच्या भाजीखरेदीपासून रात्रीच्या आवराआवरीपर्यंत राबणाऱ्या मालकाला दुसरीकडे नोकरीत २५,००० रुपये मिळाले असते. हे ५५,००० रुपये वजा करताच ५२,००० रुपयांच्या नफ्याच्या जागी ३,००० रुपयांचा तोटा दिसू लागतो. माझ्या मते मुंबईतील कितीतरी जुनी दुकाने केवळ गाळा वडिलोपार्जित आहे म्हणून नफ्यात दिसतात. खरी कमाई जागेची असते आणि श्रेय धंद्याला जाते.

हा हिशेब निर्णयासाठी आहे, विवरणपत्रासाठी नव्हे. एकल मालकीच्या धंद्यात मालकाने स्वतःला दिलेला पगार किंवा स्वतःच्याच गाळ्याचे भाडे आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. त्याचप्रमाणे अनुमानित करयोजनेत, म्हणजे प्रत्यक्ष नफ्याऐवजी उलाढालीवरून करपात्र नफा ठरवण्याच्या पद्धतीत, उलाढालीच्या किमान ८ टक्के, आणि बँकेमार्फत किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के नफा मानला जातो. ते आकडे कराच्या सोयीचे आहेत आणि त्यांवरून आपल्या नफाक्षमतेचा अंदाज बांधू नये.

पुढची पायरी भांडवलाची. गाळ्याची किंमत ८० लाख आणि भांडी, फ्रीज व खेळते भांडवल मिळून ५ लाख धरले, तर मालकाची मजुरी वजा जाता (भाडे वजा करायचे नाही, कारण गाळा इथे भांडवलात धरला आहे) वर्षाचे ३,२४,००० रुपये ८५ लाखांवर मिळतात, म्हणजे चार टक्क्यांनाही कमी. विक्रीवरील टक्के आणि भांडवलावरील टक्के यांत अशी मोठी तफावत उलट दिशेनेही पडते. दोन टक्के नफ्यावर माल विकणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याचे भांडवल वर्षात २० वेळा फिरले, तर भांडवलावर ४० टक्के सुटतात. २० टक्के नफा घेऊन वर्षातून एकदाच भांडवल फिरवणाऱ्याला २० टक्क्यांवरच थांबावे लागते.

टक्केवारी काढताना एक गफलत नेहमी होते. १०० रुपयांना घेतलेली वस्तू १२५ रुपयांना विकली, तर खरेदीवर २५ टक्के चढवले जातात, पण विक्रीवरील ढोबळ नफा २० टक्केच असतो. ग्राहकाला २५ टक्के सूट दिली तर विक्री ९३ रुपये ७५ पैशांवर येते आणि घरचे पैसे जातात.

कोणता पदार्थ वाढवावा हे ठरवताना टक्क्यांपेक्षा हातांचा हिशेब उपयोगी पडतो. पोळी १० रुपयांची आणि तिच्यामागे ५ रुपये सुटतात. उकडीचा मोदक ३० रुपयांचा आणि त्यात १८ रुपये सुटतात, असे धरले तर ५० टक्क्यांच्या पोळीपेक्षा ६० टक्क्यांचा मोदक सरस वाटतो. पण तीच बाई तासाला ६० पोळ्या करत असेल आणि पाकळ्या काढून मोदक मात्र १५च होत असतील, तर पोळीचे तासाला ३०० रुपये आणि मोदकाचे २७० रुपये पडतात. संकष्टीला मोदकाला ४० रुपये मिळत असतील, तर तेच ४२० होतात आणि त्या दिवशी पोळ्या कमी लाटणे शहाणपणाचे ठरते.

वर्तमानपत्रातील ‘कंपनीची नफाक्षमता घटली’ या वाक्याने गोंधळू नये. विक्री १०० कोटींवरून १३० कोटींवर गेली आणि नफा १० कोटींवरून ११ कोटींवर गेला, तर नफा वाढला, पण प्रमाण १० टक्क्यांवरून साधारण साडेआठ टक्क्यांवर आले. दलाल स्ट्रीटवर आकडा ‘एबिटा’चा सांगितला जात असेल, तर त्यातून व्याज, कर आणि घसारा अजून वजा व्हायचे आहेत हे लक्षात ठेवावे.

नफा कागदावर असूनही हातात पैसा नसणे ही वेगळीच अडचण, आणि ऑफिसांना डबे पुरवणाऱ्यांना ती ठाऊक असते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. म्हणून उद्यम नोंदणी, म्हणजे अशा उद्योगांची सरकारी नोंदणी, करून बिलावर तो क्रमांक छापावा.

हिशेब दरमहा करावा, पण तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करताना पंचांग जवळ ठेवावे. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, तर २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला आहे. मोदकांवर कमावणाऱ्या केंद्राने दोन्ही वर्षांचे ऑगस्ट शेजारी ठेवले, तर नसलेली घसरण दिसेल. तिथे भाद्रपदाशी भाद्रपदच ताडून पाहावा.