अमिनो आम्ले आणि प्रथिनांची रचना: अभ्यास करताना या चुका टाळा

जीवरसायनशास्त्राच्या पहिल्या सत्राच्या उत्तरपत्रिकांत एक आकृती हमखास आढळते. पीएच ७ असताना ग्लायसीन हे सर्वांत साधे अमिनो आम्ल कसे दिसेल असे विचारलेले असते आणि विद्यार्थी उदासीन अमिनो गट व हायड्रोजन न सोडलेला कार्बोक्सिल गट काढून मोकळा होतो. ग्लायसीनच्या कार्बोक्सिल गटाचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंतील त्या गटाने प्रोटॉन सोडलेला असतो तो आकडा) २.३४ आहे, म्हणजे पीएच ७ ला त्याने आपला प्रोटॉन केव्हाच सोडलेला असतो. अमिनो गटाचा पीकेए ९.६० असल्यामुळे तो गट मात्र आपला जादा प्रोटॉन धरून असतो. पाण्यातील रेणू म्हणूनच एकाच वेळी धन आणि ऋण असे दोन्ही प्रभार बाळगणारा झ्विटरआयन असतो, आणि ज्या रूपात दोन्ही गट उदासीन आहेत ते रूप कोणत्याही पीएचला प्रमुख नसते.

याच गैरसमजातून आयसोइलेक्ट्रिक बिंदू (ज्या पीएचला रेणूवरचा एकूण प्रभार शून्य असतो तो) काढतानाची मोठी चूक होते, आणि माझ्या मते या प्रकरणातील सर्वाधिक गुण येथेच जातात. लायसीनचे तीन पीकेए २.१८, ८.९५ आणि १०.५३ असे दिलेले असतात. अनेक जण तिन्हींची सरासरी काढून ७.२२ असे उत्तर लिहितात. सूत्र शोधण्यापूर्वी प्रभार मोजावा. अतिशय आम्लधर्मी द्रावणात लायसीनवर एकूण +२ प्रभार असतो; अल्क घालत गेल्यावर २.१८ च्या आसपास कार्बोक्सिल गट प्रोटॉन सोडतो आणि प्रभार +१ होतो, ८.९५ ओलांडल्यावर मुख्य अमिनो गट प्रोटॉन सोडतो आणि प्रभार शून्य होतो, १०.५३ नंतर पार्श्वशृंखलेचाही (प्रत्येक अमिनो आम्लात वेगळ्या असणाऱ्या गटाचाही) प्रोटॉन जाऊन तो −१ होतो. शून्य प्रभाराचे रूप ८.९५ आणि १०.५३ यांच्या मध्ये सापडते, म्हणून फक्त याच दोन आकड्यांची सरासरी घ्यायची, ती ९.७४ येते. उत्तराचा ताळाही सहज घेता येतो: ७.२२ या पीएचला लायसीनवर जवळजवळ पूर्ण +१ प्रभार असतो आणि विद्युतक्षेत्रात ते ऋणाग्राकडे सरकते, मग तो त्याचा आयसोइलेक्ट्रिक बिंदू कसा असेल? अॅस्पार्टिक आम्लात याच न्यायाने १.८८ आणि ३.६५ घ्यावे लागतात आणि उत्तर २.७७ येते. निरनिराळ्या पुस्तकांत पीकेएचे आकडे किंचित वेगळे असतात. प्रश्नपत्रिकेत जो तक्ता दिला असेल तोच शेवटपर्यंत वापरावा.

हिस्टिडीन ‘अल्कधर्मी’ गटात शिकवले जाते, म्हणून पीएच ७ ला त्याची पार्श्वशृंखला धनप्रभारित असते असे लिहिले जाते. तिचा पीकेए सुमारे ६ धरला तर पीएच ७ ला अकरा रेणूंपैकी एकाच्याच पार्श्वशृंखलेवर धन प्रभार असतो. प्रथिनाच्या घडीत आजूबाजूच्या गटांमुळे हा पीकेए बदलतो, आणि म्हणूनच विकरांच्या क्रियास्थानी प्रोटॉन देण्याघेण्याचे काम हिस्टिडीन इतके चांगले करते.

अमिनो आम्लांना एकमेकांशी जोडणारे पेप्टाइड बंध मोजताना ‘अमिनो आम्लांची संख्या उणे एक’ हे सूत्र एकाच शृंखलेपुरते खरे आहे. मानवी इन्सुलिनमध्ये २१ आणि ३० अमिनो आम्लांच्या दोन शृंखला आहेत. बंध २० अधिक २९, म्हणजे ४९ होतात, ५० नव्हेत. रेणुभार काढताना प्रत्येक पेप्टाइड बंधामागे पाण्याचे १८ वजा करायचे, परंतु डायसल्फाइड बंध (दोन गंधक अणूंमधला बंध) तयार होताना पाणी नव्हे तर दोन हायड्रोजन जातात, हे येथे बहुतेकांच्या ध्यानातून निसटते.

पेप्टाइड बंध एकेरी रेषेने काढला जातो, त्यामुळे तो मोकळेपणाने फिरतो असे वाटते. त्याची लांबी सुमारे १.३३ अँगस्ट्रॉम, म्हणजे साध्या एकेरी कार्बन-नायट्रोजन बंधापेक्षा कमी असते. अनुस्पंदनामुळे (इलेक्ट्रॉन शेजारच्या बंधांत वाटले गेल्यामुळे) त्याला अंशतः दुहेरी बंधाचे रूप येते आणि त्याभोवतीचे सहा अणू एका प्रतलात राहतात. फिरण्याची मोकळीक अल्फा कार्बनच्या (ज्याला पार्श्वशृंखला जोडलेली असते त्या कार्बनच्या) दोन्ही बाजूंच्या बंधांना आहे, आणि तीही मर्यादित. त्यांचे कोणते कोन शक्य आहेत हे दाखवणारा आलेख जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्रास विद्यापीठात काम करताना १९६३ साली मांडला. अल्फा हेलिक्समधील, म्हणजे शृंखलेच्या सर्पिल वळणातील, हायड्रोजन बंध पार्श्वशृंखलांमध्ये दाखवणे हीदेखील चूकच आहे. ते कण्यातच असतात: एका अमिनो आम्लाचा कार्बोनिल गट पुढच्या चौथ्या अमिनो आम्लाच्या नायट्रोजनवरील हायड्रोजनशी जोडला जातो. प्रोलिनच्या नायट्रोजनवर शृंखलेत असा हायड्रोजनच उरत नाही, म्हणून हेलिक्सच्या मध्यभागी ते अडचणीचे ठरते.

डीनेचरेशन म्हणजे प्रथिनाचे अमिनो आम्लांत तुकडे होणे, हे विधान तर निखालस चुकीचे आहे. उष्णतेने घडी मोडते, प्राथमिक रचना शाबूत राहते. लिंबू पिळल्यावर दूध फाटते हे उदाहरण येथे देताना जपावे. केसीन या दुधातील प्रथिनाला मुळातच घट्ट घडी कमी असते, पीएच ४.६ च्या जवळ आल्यावर त्याचा एकूण प्रभार शून्य होतो, कण एकमेकांना दूर लोटेनासे होतात आणि साका होतो. हे उदाहरण आयसोइलेक्ट्रिक बिंदूचे आहे. डीनेचरेशनसाठी उकडलेले अंडे घ्यावे. त्याच्या पांढऱ्या भागाचा लहानसा तुकडा सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून मोरचुदाच्या विरल द्रावणाचे दोन-तीन थेंब टाकले, तर कच्च्या अंड्याच्या पांढऱ्याप्रमाणेच त्यावरही जांभळा रंग चढतो. हा बाययुरेट रंग पेप्टाइड बंधांमुळे येतो, आणि सुट्या अमिनो आम्लांच्या मिश्रणात तो दिसत नाही.