वस्तीची गाडी आणि कोर्टाची तारीख : सोयीच्या लग्नाची प्रेमकथा कशी लिहावी

बापाला पोरीचा ताबा हवा असतो, वकील म्हणतो ‘घरात बाई दाखवा’, घाईने लग्न लागतं आणि शेवटच्या पानावर निकाल बापाच्या बाजूने जातो. नवे लेखक ही कथा साधारण अशी लिहितात. एवढं सरळ असतं तर लिहायचं तरी कशाला? असं लग्न कोर्टात जितकं उपयोगी पडतं तितकंच अंगावरही येतं, आणि तुमची कथा तिथेच आहे.

उदाहरणाला कोकणातलं राजापूर घेऊ. पावसाळ्यात अर्जुना आणि कोदवली या नद्या फुगल्या की जवाहर चौकात पाणी शिरतं, आणि कोणाच्या घरी कोण राहायला आलं हे सगळ्या बाजारपेठेला ठाऊक असतं.

आधी पोर कुठे राहते ते ठरवा

कथेचा नकाशा यावरच ठरतो. पालक आणि पाल्य अधिनियम, १८९० नुसार ताब्याचा अर्ज मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या जिल्हा न्यायालयात जातो. जिथे कुटुंब न्यायालय आहे तिथे तो त्या न्यायालयात जातो. पोर मुंबईत आजीकडे असेल तर तारखा वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात पडतील आणि निम्मी कथा कोकण रेल्वेत घडेल. पोर राजापुरात बापाकडे असेल तर रत्नागिरी, म्हणजे एसटीने जाऊन-येऊन आख्खा दिवस. मी दुसरा पर्याय घेईन. दोन परक्या माणसांना एका सीटवर तासन्‌तास बसवायला याहून चांगली सबब मिळणार नाही.

मग भांडण कोणाशी ते पाहा

घटस्फोटित आईशी भांडण असेल तर एक गोष्ट विसरू नका: हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ प्रमाणे पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे असतं. आई वारली असेल आणि आजी-आजोबा पोर मागत असतील तर बापाची बाजू कागदावर तरी जड असते, कारण बाप नैसर्गिक पालक. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण होतं. आई कर्करोगाने गेली, तान्हं मूल मावशीकडे वाढत होतं, आणि ताबा वडिलांना मिळाला. पण सगळ्याच्या वर मुलाचं हित. बाप नालायक आहे असं नव्हे, तर पोर आमच्याकडे जास्त सुखात राहील, एवढंच आजी-आजोबांचा वकील पुन्हापुन्हा सांगत राहील.

या आजी-आजोबांना खलनायक करू नका. त्यांची लेक गेलीय. तारखेला आलेली आजी कोर्टाच्या व्हरांड्यात नातीला लाडू भरवते आणि ज्याच्याविरुद्ध अर्ज केलाय त्यालाच सवयीने विचारते, “जावईबापू, जेवलात का?” हे वाक्य लिहिता आलं तर अर्धं काम झालं.

दोघांची गरज खरी असू द्या

‘बाई हवी’ हे कारण पोकळ आहे. बापाला एसटीत कंडक्टर करा. त्याला वस्तीची गाडी लागते, म्हणजे संध्याकाळी आडगावात जायचं, रात्री तिथेच झोपायचं आणि पहाटे गाडी परत आणायची. त्या रात्री पोरीजवळ कोण? विरुद्ध बाजूचा हा प्रश्न रास्त आहे, आणि बापालाही तो छळतो.

तो जिच्याशी लग्न करतो तिच्यावर मात्र उपकाराचं ओझं नको. समजा, ती अडतिशीची आहे, शिवणाचं मशीन चालवते, माहेरच्या सामायिक घरात राहते. भावांना घर विकायचंय आणि त्यासाठी हक्कसोड पत्रावर तिची सही हवीय. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच वाटा झाला, पण सही नाकारून त्याच घरात दोन वेळचं जेवणं काय असतं ते ज्या बहिणीने भोगलंय तिलाच विचारा. लग्न तिला ‘नाही’ म्हणायला दुसरं दार देतं. बदल्यात ती रात्रीची घरी असेल. झाला करार.

कायदा अडचण म्हणून वापरा

‘सहा महिन्यांनी मोकळे होऊ’ असं पात्रांना म्हणू द्या, पण तुम्ही विश्वास ठेवू नका. हिंदू विवाह कायद्यात अपवाद सोडला तर लग्नाला वर्ष होईपर्यंत घटस्फोटाचा अर्जच करता येत नाही. परस्परसंमतीने व्हायचं तर आधी वर्षभर वेगळं राहावं लागतं. इथे वकिलाला फक्त हसू द्या.

दुसरी गोष्ट जास्त बोचरी आहे. १९५६ चा कायदा नैसर्गिक पालक सांगताना ‘आई’ या शब्दात सावत्र आई धरत नाही. ती रात्री पोरीचा ताप उतरवेल, शाळेत सही करेल, पण उद्या नवऱ्याचं काही बरंवाईट झालं तर त्या पोरीवर तिचा कागदी हक्क शून्य. म्हणजे या सौद्यात सगळ्यात जास्त तीच गमावू शकते. हे तिला कधी कळतं ते ठरवा. माझ्या मते मध्यावर, आणि शक्यतो नवऱ्याच्या तोंडून नको.

प्रेम ‘तुम्ही’मध्ये लपवा

मराठीत परक्याला ‘तुम्ही’ आणि नवऱ्यालाही ‘तुम्ही’. त्यामुळे तिचं ‘अहो’ गावाला संसारी वाटतं, तर घरात तेच ‘अहो’ दोन हात अंतर राखतं. ते अंतर कोणत्या दिवशी गेलं हे वाचकाला नुसत्या सुरावरून कळलं पाहिजे. हळदीकुंकवाला शेजारणी उखाण्याचा हट्ट धरतात आणि तिला त्याचं नाव पहिल्यांदा उच्चारावं लागतं, असा प्रसंग पावसात भिजण्यापेक्षा शंभर पटीने बरा.

एसटीतले तपशील फुकट मिळतात. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. कंडक्टर नवऱ्याच्याच आगारातला. तो ‘वहिनी’ म्हणत तिकीट फाडतो, ती आपले पैसे आपण मोजून देते आणि वहीत लिहून ठेवते. प्रत्येक तारखेला असंच चालू ठेवा.

पोर तिला काय हाक मारते तेही ठरवा. शेवटच्या पानावर ‘आई’ म्हणायला लावू नका, ते फार स्वस्त आहे. ‘मावशी’ राहू दे. फक्त आधी ‘ती मावशी’ होती, एवढंच.

उलटतपासणी सर्वांत आधी लिहा

आजीचा वकील तिला शपथेवर विचारणार, “लग्न कशासाठी केलंत?” खोटं बोलली तर गावातला कोणीही साक्षीला येऊ शकतो. खरं बोलली तर लग्न फक्त दाखवण्यापुरतं ठरतं. इथे पल्लेदार भाषण लिहायचा मोह होईल, तो आवरा. ती म्हणते, “रात्री पोर एकटी नको म्हणून.” सौदा हाच होता, आणि ज्या हिताची कोर्ट चौकशी करतंय तेही हेच. मागच्या बाकावर तो ऐकतोय. हा प्रसंग हाताशी असला की बाकीची प्रकरणं त्याच्याकडे वळवत न्यायची.

पोर समजण्याइतकी मोठी असेल तर न्यायाधीश तिला चेंबरमध्ये बोलावून विचारू शकतात. आत काय बोलणं झालं ते दाखवू नका. बाहेर आजी, बाप आणि ती, तिघं एकाच बंद दाराकडे बघत उभी आहेत, एवढं पुरे.

निकाल दोन ओळींत उरका. ताबा बापाकडे, मे महिना आणि गणपती आजीकडे, असा काहीसा. मग संध्याकाळची राजापूर गाडी, झोपलेली पोर मध्ये, आणि कंडक्टर जवळ येतो. या वेळी तिचं तिकीट कोण काढतं ते लिहा, आणि थांबा.