भातखंडे स्वरलिपी संगणकावर जुळवताना या चुका टाळा

यमन रागाच्या बंदिशीत मध्यमावरची (म) उभी रेघ गळाली की कागदावर बिलावल या दुसऱ्या रागाचे स्वर उरतात. भैरवीतल्या चारही कोमल रेघा गळाल्या तरी तेच. संगणक काही इशारा देत नाही आणि राग न जाणणाऱ्या मुद्रितशोधकालाही काही खटकत नाही. म्हणून चिन्ह सुबक दिसते का, हा प्रश्न नंतरचा. ते मजकुरात टिकते का, हे आधी तपासा.

पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या स्वर लिहिण्याच्या लिपीत खुणा मोजक्याच आहेत: कोमलाला खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाला वर उभी रेघ, मंद्राला (खालच्या सप्तकाला) खाली बिंदू, तारसप्तकाला (वरच्या सप्तकाला) वर बिंदू आणि तालाच्या एका मात्रेतल्या अनेक स्वरांखाली कंस.

कोमलासाठी वर्डचे अधोरेखन

अधोरेखन ही सजावट आहे, मजकूर नव्हे. मजकूर साधा म्हणून दुसरीकडे चिकटवला की रेघ जाते. ग आणि रे शेजारी आले की दोन रेघांची एक होते, आणि मंद्राचा बिंदू तिच्यात बुडतो. वेदपाठाच्या स्वरांसाठी यूनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) असलेली चिन्हे इथे उत्तम चालतात: आडवी रेघ ०९५२, उभी रेघ ०९५१. वर्डमध्ये हा क्रमांक इंग्रजी अंकांत टंकून ऑल्ट आणि एक्स एकत्र दाबा. अक्षर पूर्ण झाल्यावरच चिन्ह द्या: न, मग वेलांटी, मग रेघ. तीव्र मध्यमासाठी म-पुढे अवतरणचिन्ह टंकू नका, ऑटोकरेक्ट त्याला वाकवते.

तारसाठी अनुस्वार, मंद्रासाठी नुक्ता

‘सां’ टंकणे सोपे पडते, पण ‘रें’मध्ये बहुतेक फॉन्ट एकाराची मात्रा आणि अनुस्वार यांची एकच जोडआकृती करतात, त्यामुळे ऋषभाचा (रे) बिंदू गंधाराच्या (ग) बिंदूच्या रांगेत बसत नाही. नुक्त्याचा, म्हणजे अक्षराखालच्या ठिपक्याचा, घोळ याहून मोठा. तो व्यंजनालाच लागतो. मात्रेनंतर दिला तर तो नीट बसेलच असे नाही. मात्रेआधी दिला तर र आणि नुक्ता मिळून यूनिकोडच्या प्रमाणीकरणात ‘ऱ’ होतो, म्हणजे ‘ऱ्हास’मधला. न-चेही तसेच. पुढे मंद्र ऋषभ शोधून बदलायचा म्हटले की काही हाती लागते, काही नाही.

वरच्या बिंदूसाठी ०३०७ आणि खालच्यासाठी ०३२३ वापरा. कोमल-तीव्राची रेघ आधी, बिंदू नंतर, हा क्रम पूर्ण पुस्तकात एकच ठेवा. उलटा क्रम संगणकाच्या लेखी वेगळा मजकूर असतो.

फॉन्टमध्ये चिन्ह घातले, पण जागा बांधली नाही

अनेक देवनागरी फॉन्टांत हे दोन बिंदू नसतात. मग प्रोग्राम ते दुसऱ्या फॉन्टातून उसने आणतो आणि बिंदू बाजूला पडतो. खात्रीचा उपाय म्हणजे ‘मुक्त’सारखा ओएफएल परवान्याचा (बदल करू देणाऱ्या खुल्या परवान्याचा) फॉन्ट घेऊन फॉन्टफोर्ज या फॉन्ट घडवायच्या प्रोग्राममध्ये चिन्हे घालणे. बदललेल्या फॉन्टला नवे नाव द्या. चिन्हाची रुंदी शून्य हवी आणि त्याचा वर्ग ‘मार्क’ हवा. त्यात चूक झाली तर अँकर (चिन्ह जिथे टेकते तो बिंदू) कितीही नीट लावा, बिंदू अक्षरापुढेच उभा राहतो.

ग, म, प, ध फारसा त्रास देत नाहीत. चाचणी सा, रे, नि यांवर करा. ‘सा’मध्ये बिंदू शेवटच्या आकृतीला, म्हणजे कान्याला चिकटतो आणि उजवीकडे सरकतो. ‘नि’मध्ये वेलांटी दिसायला डावीकडे जाते, त्यामुळे रेघ फक्त न-खाली येते. दोन्हींसाठी अख्खी जोडआकृती करून तिच्या मध्यावर अँकर लावा, नि-साठी रुंद रेघही काढा. ‘रे’चा बिंदू मात्रेच्या वर चढायला हवा. मंद्र कोमल धैवतात (ध) तो रेघेच्या खाली उतरायला हवा. यासाठी चिन्हावर चिन्ह बसवणारा ‘एमकेएमके’ नियम लागतो. तो नसेल तर बिंदू रेघेवरच छापला जातो.

आणखी एक चूक पटकन सापडत नाही. नवे नियम फक्त ‘डीफॉल्ट’ लिपीखाली नोंदवले जातात, पण फॉन्टमध्ये ‘डेव्ह२’ ही देवनागरीची नोंद असेल तर प्रोग्राम तेच वाचतो. त्याखाली मराठीची वेगळी नोंद असेल तर तिथेही नियम जोडावे लागतात. परिच्छेदाची भाषा मराठी केल्यावर बिंदू हलले आणि हिंदी केल्यावर जागेवर आले, तर दोष इथेच शोधा.

मात्रा जुळवण्यासाठी स्पेसबार

सा आणि ग यांची रुंदी वेगळी असते, म्हणून स्पेसने रांग कधीच जुळत नाही. तक्ता करा. त्रितालासाठी १६ रकाने (दर मात्रेला एक), आणि तालचिन्हे, स्वर, बोल अशा तीन ओळी. विभागाची रेघ दंड टंकून नको, रकान्याची कड म्हणून द्या. ए४ कागदावर दोन्ही बाजूंना १५ मिमी समास सोडला तर रकान्याला ११.२५ मिमी मिळतात. स्थायी-अंतऱ्याला तेवढे सहसा पुरतात. एका मात्रेत चार स्वर असलेल्या ताना त्यात मावत नाहीत, तिथे ओळीत आठच मात्रा घ्या.

कंस चित्र म्हणून काढला तर मजकूर सरकताच मागे राहतो. फॉन्टमधले सगळे स्वर एकाच रुंदीचे ठेवले तर दोन, तीन आणि चार स्वरांचे कंस फॉन्टमध्येच करता येतात. ओळींतले अंतर ‘एक्झॅक्ट’ ठेवू नका, खालचे बिंदू कापले जातात.

बोलांत अक्षर लांबवण्याची खूण असलेल्या अवग्रहाच्या जागी इंग्रजी एस अक्षर टंकले असेल तर आधी ते काढून ‘ऽ’ घाला.

छपाईआधी १२ स्वर तिन्ही सप्तकांत, म्हणजे ३६ रूपे, एका पानावर घ्या आणि त्याची पीडीएफ करा. इनडिझाइन हा पानमांडणीचा प्रोग्राम वापरत असाल तर ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर आधी निवडा, नाहीतर देवनागरी जोडणीच मोडते. ही पीडीएफ तुमचा फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर उघडा आणि प्रत्येक रूप मूळ पानाशी ताडून पाहा.