मन मोकळं करायला ऑनलाइन गट शोधताय?

आपल्याकडे यवतमाळ-वाशीमच्या खेड्यात कुणी मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊन आलं, की एसटी गावात पोचायच्या आधी बातमी पोचते. म्हणून रात्री जेवणं आटोपल्यावर मोबाइलवर आपल्यासारखंच सोसणारी माणसं शोधावीशी वाटतात. जरूर शोधा, पण गटात शिरल्या शिरल्या सगळं लिहून टाकू नका. आठवडाभर नुसतं वाचा. कुणी 'तीन रात्री झोप नाही, सोयाबीन गेलं, सावकार दारात येतो' असं लिहिलं, तर खाली काय उत्तरं येतात ते बघा. 'माझंही असंच झालं होतं. आज जेवलास का?' असं विचारणारे असतील तर थांबा. 'डॉक्टरच्या गोळ्या बंद कर, माझा काढा घे' म्हणणारा दिसला आणि अ‍ॅडमिन गप्प असेल, तर सरळ बाहेर पडा.

व्हॉट्सअ‍ॅप गटात तुमचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि त्यात तुमच्याच तालुक्यातलं कुणी निघू शकतं. टेलिग्रामवर प्रायव्हसी सेटिंगमध्ये नंबर लपवता येतो. नाव वेगळं घ्या, गाव लिहू नका.

गटातली माणसं सोबत देतात, उपचार नाही. जीव नकोसा वाटायला लागला, तर मेसेजच्या उत्तराची वाट बघत बसू नका, १४४१६ लावा. केंद्र सरकारची ही टेलि-मानस सेवा २०२२ पासून आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. साध्या बटणाच्या फोनवरूनही लागते. आणि घरात फवारणीचं औषध असेल, तर त्या दिवसांत ते विश्वासाच्या शेजाऱ्याकडे ठेवायला द्या.