यादी देऊन मोकळे होऊ नका: निवासी बालरोग डॉक्टरांच्या नेहमीच्या चुका

घरात अन्न पुरतं का, भाडं थकलंय का, हे विचारायला नवे निवासी डॉक्टर पटकन शिकतात. उत्तर ‘अडचण आहे’ असं आलं की पुढे मात्र दर बॅचमध्ये त्याच चुका होतात.

सर्वांत घातक चूक म्हणजे मदत करणाऱ्या संस्थांची छापील यादी हातात देणं आणि केसपेपरवर ‘मार्गदर्शन केले’ लिहिणं. एका बाळाचं वजन वाढत नव्हतं. डॉक्टरने चौकशी चांगली केली होती. डबा महिनाभर चालावा म्हणून आई पावडरच्या दुधात जास्त पाणी घालत होती. अशा पातळ दुधाने रक्तातलं सोडियम उतरून बाळाला झटके येऊ शकतात. त्याने ते समजावलं, यादी दिली, पुढची तारीख दिली. पुढच्या भेटीत वजन होतं तिथेच. यादीतली पहिली संस्था तिथून कधीच हलली होती. दुसरीने रहिवासाचा पुरावा मागितला, तो आईकडे नव्हता. तिसरीकडे जायचं तर कामाचा खाडा झाला असता. यावर डॉक्टर म्हणाला, ‘आईच सहकार्य करत नाही.’ या वाक्याची मला चीड आहे.

माझी सवय अशी: आईची परवानगी घ्यायची आणि ती समोर असतानाच संस्थेला फोन लावायचा. कोणाला भेटायचं, कधी, कोणते कागद न्यायचे, हे चिठ्ठीवर लिहून द्यायचं. आठवड्याने फोन करून काम झालं का ते विचारायचं. वेळ नसेल तर समाजसेवकाला बोलावून प्रत्यक्ष गाठ घालून द्या. सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंडच्या रुग्णालयांतला अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. नुसती लेखी माहिती मिळालेल्या कुटुंबांपेक्षा सोबतीला माणूस मिळालेल्यांच्या अडचणी चार महिन्यांनी जास्त कमी झाल्या होत्या, मुलांची तब्येतही पालकांच्या सांगण्यानुसार जास्त सुधारली होती.

दुसरी चूक, कपडे बघून कोणाला विचारायचं ते ठरवणं. सगळ्यांना विचारा, आणि ‘सगळ्यांनाच विचारतो’ हे आधी सांगा. ‘काही अडचण?’ याला उत्तर ‘नाही’ असंच येतं. अमेरिकेच्या बालरोग अकादमीने 2015 मध्ये सुचवलेले दोन प्रश्न नेमके आहेत: गेल्या 12 महिन्यांत पैसे हाती येण्याआधी अन्न संपेल अशी काळजी वाटली का? आणलेलं संपलं आणि पुन्हा आणायला पैसे नव्हते, असं झालं का? एकालाही ‘कधीकधी’ म्हटलं तरी ते होकारात धरा.

समजत्या मुलासमोर हे विचारू नका.

अडचण आहे म्हणजे मदत हवीच आहे, असं धरू नका. काहींना ती नको असते. पुढच्या भेटीत पुन्हा विचारा.

जिथे कुटुंबांना पाठवता तिथे एकदा स्वतः जाऊन रांगेत उभे राहा. यादी पाठ करून हे काम येत नाही.

आणि पोस्टिंग बदलताना, ज्यांचं काम अर्धवट आहे ती कुटुंबं पुढच्या डॉक्टरला नावानिशी सांगा, वॉर्डातले पेशंट सांगता तशीच.