ब्रा निवडताना आधी छातीखालचा पट्टा पाहावा

खांद्यावर वळ उमटू लागले की बहुतेक जणी खांद्यावरच्या पट्ट्यांना दोष देतात, परंतु खोट बहुधा छातीखालच्या पट्ट्यात असते. स्तनाला पेलून धरणारा स्नायू स्तनात नसतो. स्तनाचे वजन त्वचा आणि आतील तंतुमय ऊती पेलतात. ब्राने हा भार मुख्यतः छातीखालच्या पट्ट्यावर घ्यायचा असतो. तो सैल असला की पाठीवर वर चढतो, कप पुढून खाली येतात आणि सगळे ओझे खांद्यांवर पडते.

मापाची टेप स्तनांच्या अगदी खालून आडवी सरळ धरावी आणि श्वास सोडल्यावर आकडा वाचावा. मग सर्वांत उभार भागावरून, टेप न आवळता, दुसरे माप घ्यावे. दोन्हींत 1 इंच फरक असल्यास कप ए, 2 इंच असल्यास बी, 3 इंच असल्यास सी, असा ढोबळ हिशोब आहे. माझ्या मते हा आकडा केवळ सुरुवातीपुरता धरावा, कारण मापे कंपनीगणिक बदलतात. मापातला आकडा पट्ट्याचा आणि अक्षर कपाचे असते. 36 बीचे कप नीट बसत असून पट्टा ढिला वाटला, तर 34 सी घालून पाहावी. पट्टा आवळतो, कपातली जागा मात्र जवळजवळ तेवढीच राहते.

घालताना किंचित पुढे वाकून काखेकडचा भाग हाताने कपात घ्यावा. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या हुकावर नीट बसली पाहिजे, कारण इलॅस्टिक वापराने ताणले जाते आणि आतले हुक त्यासाठीच असतात. पट्ट्याखाली दोन बोटे जावीत, हात वर केल्यावर पट्टा जागचा हलू नये आणि वायर असल्यास ती स्तनावर न रुतता बरगडीवर टेकावी. दोन्ही स्तन सारखे नसणे स्वाभाविक आहे. माप मोठ्या बाजूचे धरावे. गरोदरपणात, तसेच वजन बदलल्यावर पुन्हा मोजावे. स्तनपानाच्या काळात आवळणारी ब्रा टाळावी, कारण सततच्या दाबाने दूध साचून दाह होऊ शकतो.

वायरच्या ब्रामुळे कर्करोग होतो ही समजूत निराधार आहे. अमेरिकेत रजोनिवृत्त स्त्रियांवर झालेल्या, 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा संबंध आढळला नाही. रात्री ब्रा घालावी की नाही, हा निव्वळ सोयीचा प्रश्न आहे. घामाने स्तनांखालची त्वचा ओली राहून पुरळ उठते, म्हणून ती जागा कोरडी ठेवावी आणि घामेजलेली ब्रा लगेच बदलावी.

आपले स्तन एरवी कसे असतात, हे मात्र प्रत्येकीला ठाऊक असावे. पाळीच्या आधी ते जड आणि दुखरे होतात, त्यामुळे पाळी संपल्यानंतरच्या दिवसांत तपासणे सोपे जाते. नवी गाठ, त्वचेवर खळी, आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यातून येणारे रक्त किंवा काखेतील सूज दिसल्यास डॉक्टरांना दाखवावे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, तरीही दुखत नाही म्हणून दाखवणे लांबवू नये.