सजीव-निर्जीवांचा संबंध: उत्तर लिहिताना आणि प्रोजेक्ट करताना या चुका टाळा

हवा, पाणी, माती, ऊन अशी यादी लिहायची, खाली "यांच्याशिवाय सजीव जगू शकत नाहीत" हे ठरलेलं वाक्य टाकायचं की झालं उत्तर. चुकीचं नाहीये, पण अर्धंच आहे कारण बाण एकाच बाजूने काढलाय. सजीव पण निर्जीव गोष्टी बदलतात, आणि थोड्याथोडक्या नाही! आज हवेत २१ टक्के ऑक्सिजन आहे ना, तो आधी जवळपास नव्हताच, सायनोबॅक्टेरिया (पाण्यातले सूक्ष्म जिवाणू) प्रकाशसंश्लेषण करत राहिले आणि साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी तो हवेत साठायला लागला. समुद्रात विरघळलेल्या लोखंडाशी पण त्याचा संयोग झाला, ते तळाशी बसलं, आणि खाणीतून आज काढतो त्या लोहखनिजाचा मोठा भाग असाच तयार झालाय.

दुसरी चूक, माती सरळ निर्जीवात टाकणे. नुसता खडकाचा भुगा म्हणजे माती नव्हे, त्यात कुजलेले अवशेष, बुरशी, जिवाणू हे सगळं लागतं. आइसलँडजवळ १९६३ साली समुद्रातल्या ज्वालामुखीतून सुर्त्से बेट वर आलं, तिथे बरीच वर्षं तुरळकच झाडं होती, मग १९८० च्या दशकात कुरव पक्ष्यांनी वसाहत केली, त्यांच्या विष्ठेतून नायट्रोजन मिळाला आणि तिथे हिरवळ भराभर पसरली.

वाळलेलं पान, मेलेला किडा हे अजैविक (म्हणजे कधीच सजीव नसलेले) नाहीत. मेलेलं वेगळं, अजैविक वेगळं, इथे हमखास मार्क जातात.

आता प्रोजेक्टमधलं जारमधलं तळं, म्हणजे बरणीत पाणी, वनस्पती आणि गोगलगायी. गोगलगायी मेल्या, पाण्याला वास आला की सगळे आणखी वनस्पती कोंबतात, तसं करू नका, आधी जार कुठे ठेवलाय ते बघा. थेट उन्हात पाणी तापतं आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो (०° ला लिटरमागे साधारण १४.६ मिलिग्रॅम, ३०° ला ७.५ च्या आसपास), वर गोगलगायीला उष्णतेत ऑक्सिजन जास्तच लागतो. रात्री तर वनस्पतीही तोच वापरतात, त्यामुळे पहाटे सगळ्यात कमी उरतो, तेव्हा गोगलगायी पृष्ठभागाशी गोळा झाल्या असतील तर कुजकी पानं आधी काढा, कारण ती कुजवणारे जिवाणू पण ऑक्सिजन खातात. नळाचं पाणी लगेच ओतू नका, एक दिवस उघडं ठेवा, क्लोरीन उडून जातो. पाणी शुद्ध करायला क्लोरीनऐवजी क्लोरामाइन हे रसायन घातलेलं असेल तर मात्र ते असं उडत नाही, त्यापेक्षा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या.